गाडी दिवाळीनंतर चार-पाच महिने उभी राहणार असेल तर: सोलापुरात ओल, दव आणि गंज कसा टाळायचा

दिवाळी उरकून मुलांकडे जायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं, अशी बरीच घरं सोलापुरात आहेत. गाडी मागे राहते. इथली हवा कोरडी, तिला काय होणार, या भरवशावर निघायच्या आदल्या दिवशी ती धुतली जाते आणि वर प्लास्टिकचा कागद बांधला जातो. मार्चमध्ये दार उघडलं की कुबट वास येतो, सीटबेल्टवर पांढरी बुरशी दिसते आणि सीटच्या रुळांवर गंज चढलेला असतो.

थंडीतली हवा इथे कोरडी असते हे खरं आहे. पण सोलापूरचा सगळ्यात मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो, आणि ते पाणी गाडीच्या पोटात मुरलेलं असताना आपण तिला झाकतो. डिसेंबरात दुपारी पारा ३० अंशांकडे आणि पहाटे १५ अंशांच्या आसपास असतो. एवढ्या चढउतारात आत कोंडलेली ओल रोज दुपारी वाफ होते आणि रोज पहाटे थंड पत्र्यावर, काचेवर पुन्हा पाणी होऊन बसते.

आकडे पाहा. लहान गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा मावते. ३० अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे १८ ग्रॅम पाणी असतं; १५ अंशांना तीच हवा जास्तीत जास्त १३ ग्रॅम धरू शकते. म्हणजे कोरड्या गाडीत पहाटे फार तर १५ ग्रॅम, तीन चमचे पाणी सुटेल. त्याने काही बिघडत नाही. पण कार्पेटखालच्या फोममध्ये लिटरभर पाणी असेल, तर हे तीन चमचे रोज नव्याने भरून येतात. त्यामुळे खरं काम गाडी झाकण्याआधीच्या आठवड्यात आहे. तेवढं नीट झालं तर पुढचं सोपं.

गाडी आधी पूर्ण वाळवा

निघायच्या किमान सात-आठ दिवस आधी सुरुवात करा. चारही मॅट काढा. कार्पेट वरून हाताला कोरडं लागतं, पण त्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाड फोम किंवा नमदा असतो आणि पाणी तिथे राहतं. ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या पायाशी, मागच्या सीटखाली आणि डिकीत, अशा चार ठिकाणी कार्पेटची कड उचला, खाली वर्तमानपत्राची दुमडलेली घडी सरकवा आणि वरून गुडघ्याने अर्धा मिनिट दाबा. कागद ओला निघाला तर दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचकटून कार्पेट मोकळं करा, खाली लाकडी ठोकळे सारून ते चार बोटं उचललेलं ठेवा आणि टेबल फॅनचा झोत त्याखाली सोडा. आधी जाड टेरी टॉवेल दाबून जेवढं पाणी उपसता येईल तेवढं उपसा. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सगळी दारं उघडी ठेवली तरी भिजलेल्या फोमला दोन-तीन दिवस लागतात. सेंट मारून वास दाबू नका. फोम वाळला की नाही हे सांगणारी खूण तो वासच आहे.

फोम भिजला कुठून, हेही शोधावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसात तेच. बहुतेक वेळा दोष वायपरखालच्या जाळीत निघतो. कडुनिंबाचा पाला तिथे साचून कुजतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरवाटे आत उतरतं. पाला हाताने काढा, मग तांब्याभर पाणी ओता. ते पुढच्या चाकांमागून लगेच खाली पडलं पाहिजे. दारांच्या खालच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं असतात, ती माचिसच्या काडीने मोकळी करा. तार घालू नका, रंग खरवडला की गंज तिथूनच धरतो. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्याही तपासा.

एसीचं पाणी हा आणखी एक साठा. गाडी लावण्याआधीच्या शेवटच्या फेरीत शेवटची दहा मिनिटं एसी बंद करून पंखा पूर्ण वेगाने चालवा, म्हणजे आतली ओली कॉइल वाळते. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर पावसाळाभर भिजलेला असतो. तो काढून टाका आणि परतल्यावर नवा बसवा.

खालची बाजू धुताना काळ्या मातीकडे विशेष लक्ष द्या. शेताच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत, कडेच्या आतल्या दुमडीत ही माती थापलेली असते. बाहेरून ती वाळून भेगाळते, पण पत्र्याला चिकटलेला थर आठवडेच्या आठवडे ओल धरून राहतो आणि कमान आतून कुजते. प्रेशर पंपाने धुऊन घ्या आणि दुमडीत बोट घालून खात्री करा. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर क्षारांचे डाग राहतात, म्हणून शेवटची बादली गोड्या पाण्याची असू द्या. धुतल्यावर त्याच दिवशी झाकण घालायचं नाही. गाडी २०-२५ किलोमीटर चालवा, ब्रेक तापून कोरडे होऊ द्या आणि मग दोन दिवस उघडीच ठेवा.

सीट आणि स्टिअरिंग साबणाच्या हलक्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवा. बुरशी घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी धरते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून एक दिवस तसेच ठेवा; गुंडाळीच्या आत राहिलेली ओल तिथेच सादळत राहते.

जागा

पत्र्याचं शेड सावली देतं, पण थंडीत तेच पाणी पाडतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्याला खालच्या बाजूने घाम फुटतो आणि पहाटे थेंब गाडीच्या टपावर गळतात. उपाय दोन. भिंत आणि पत्रा यांच्यात वीतभर फट दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा, म्हणजे हवा वाहती राहते. ते जमत नसेल तर पत्र्याखाली चंदेरी इन्सुलेशनचा फोम किंवा थर्माकोलच्या शीटचं छत बसवा, पण सांधे टेपने बंद करा. फट राहिली तर दमट हवा वर शिरते आणि थर्माकोलवर पाणी साचतं.

दुसरी गोष्ट आपल्या शहराची. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पार्किंगमध्येच हौद, बॅरल, जमिनीखालची टाकी. गाडीशेजारी उघडं पाणी असेल तर ती जागा कोरडी राहूच शकत नाही. हौदाचं झाकण घट्ट बसवा, भोवती रबरी गॅसकेट लावा, बॅरल दुसरीकडे हलवा. नळ भरून वाहण्याची शक्यता असेल तर पाण्याची वाट गाडीखालून जाणार नाही हे पाहा. घरात राहणाऱ्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्यांना हे सांगून ठेवा.

फरशी ओल सोडते का, हे एका दिवसात कळतं. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून जमिनीवर चिकटवा. २४ तासांनी खालून थेंब दिसले किंवा शहाबादी फरशी काळवंडली, तर जमिनीतून ओल येते आहे. मग १००० गेजचा प्लास्टिक कागद गाडीच्या लांबी-रुंदीपेक्षा फूटभर मोठा अंथरा आणि त्यावर गाडी उभी करा. गवतावर किंवा उघड्या मातीवर गाडी लावणं सगळ्यात वाईट; दुसरा इलाजच नसेल तर कागदावर चाकांखाली फरश्या टाका.

झाकण

प्लास्टिकची ताडपत्री नको. ती पाऊस अडवते तशी आतली वाफही अडवते, आणि सगळं पाणी रंगावर बसतं. बंद गॅरेजमध्ये मऊ सुती चादर पुरते, मात्र घरातली जाड सोलापुरी चादर वापरू नका. तिच्या खरबरीत विणीत धूळ अडकते आणि वाऱ्याने चादर हलली की रंगावर ओरखडे उठतात. उघड्यावर गाडी असेल तर हवा खेळू देणारं, अनेक थरांचं नॉनवोव्हन (न विणलेल्या कापडाचं) कव्हर घ्या. चाकांपाशी ते जमिनीपासून वीतभर उंच राहू द्या. जमिनीला टेकलेलं कव्हर ओल वर ओढतं.

काचा उघड्या की बंद? कुलूप लागतं, उंदीर येत नाहीत आणि जागा कोरडी आहे अशा गॅरेजमध्ये चारही काचा बोटभर उघड्या ठेवून वर मच्छरदाणीची जाळी चिकटवा. इतर सगळीकडे काचा बंद, हवेचा खटका आतल्या हवेवर, आणि आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. दोन्ही एकदम करण्यात अर्थ नाही. उघड्या काचांतून सिलिका जेल अख्ख्या पार्किंगची ओल ओढत बसेल आणि दोन दिवसांत भरेल.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. हॅचबॅकला १ किलो, मोठ्या गाडीला दीड ते दोन. ते सुती पिशव्यांत पाव-पाव किलो भरून सीटखाली, पायाशी आणि डिकीत ठेवा. १ किलो जेल जास्तीत जास्त ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं, म्हणूनच आधी फोम वाळवणं अटळ आहे. भिजलेल्या कार्पेटपुढे ते काहीच नाही. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे गाडीत ठेवू नका. त्यात साचणारं खारं पाणी सांडलं तर पत्रा आणि वायरिंग दोन्ही खातं. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक बाहेरून काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर ठेवा. ४० ते ५५ टक्के उत्तम. ६५च्या वर आठवडाभर राहिला तर ओल कुठूनतरी येते आहे.

इंजिन, इंधन, बॅटरी

“दर आठवड्याला पाच मिनिटं गाडी चालू कर” असं शेजाऱ्याच्या मुलाला सांगून जाऊ नका. १ लिटर पेट्रोल जळताना सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गार इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये ती वाफ तिथेच पाणी होऊन साचते: ऑइलच्या झाकणाखाली दुधट मलई धरते आणि सायलेन्सर आतून गंजतो. कोणी विश्वासाचं माणूस इंजिन नीट तापेल इतकं लांब, मोहोळपर्यंत जाऊन येणार असेल तर महिन्यातून एकदा जरूर द्या; नाहीतर गाडीला हातच लावू नये.

ऑइल परतल्यावर नव्हे, जाण्याआधी बदला. जुन्या ऑइलमधली आम्लं आणि ओल बेअरिंगवर महिनोन् महिने बसून राहते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी भरून ठेवली तर आत दमट हवेला जागा उरत नाही. पंपाचा पहिला खटका पडेपर्यंतच भरा, गळ्यापर्यंत नको. डिझेल गाडीच्या फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा.

उभ्या गाडीतही ५० मिलिअँपिअर करंट जात राहिला तर महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे लहान बॅटरी जवळजवळ संपली. आधी दाराच्या कुलपात साधी किल्ली फिरते ना ते पाहा; रिमोटच्या पोटातही ती असते. मग काचा ठरवल्याप्रमाणे ठेवा, बाकीची दारं आतून लॉक करा, बॉनेट उघडून १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह वायर सोडा आणि ड्रायव्हरचं दार किल्लीने लावा. बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असताना सोडलेली बरी. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

हँडब्रेक ओढू नका. ओलीमुळे ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय हवा जास्त.

परतल्यावर

आधी बॉनेट उघडून उंदरांचं घरटं, कुरतडलेल्या वायरी पाहा, मगच बॅटरी जोडा. ब्रेक डिस्कवरचा तांबूस पातळ गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून जातो. ब्रेक लावताना धडधड तशीच राहिली, किंवा ढकलूनही मागचं चाक फिरलं नाही, तर गॅरेजवाल्याला घरी बोलवा. इंजिनाच्या जोराने चाक सोडवायला गेलं की लायनर उखडतो. टायरची हवा पूर्ववत करा. मग अर्धा तास सलग चालवा, एसी चालू आणि काचा थोड्या उघड्या. बुरशी दिसली तर फडकं कोरडं झटकू नका, कण सगळीकडे पसरतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहा, मग ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि दारं उघडी ठेवून त्याच दिवशी उन्हात वाळवा.