शाश्वततेच्या क्षेत्रात यायचंय? एक हंगाम साखर कारखान्यात काढा

इंजिनिअरिंग झाल्यावर ‘सस्टेनेबिलिटी’त करिअर करायचंय म्हणणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. बहुतेकांच्या मनात सोलर, कार्बनचा हिशोब आणि अहवाल असतात. मी हे काम साखर कारखान्यात शिकलो आणि नवीन माणसाला आजही तिथेच पाठवतो. बगॅस (उसाचा चोथा) बॉयलरला, मोलॅसिस (मळी) अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलरीला, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) खताला, आणि डिस्टिलरीचं सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश आटवून पुन्हा वाफेसाठी बॉयलरमध्ये. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी येतो तो असा, एकाच आवारात.

गेल्या गेल्या स्टीम बॅलन्स, म्हणजे वाफ किती बनते आणि कुठे किती जाते याचा हिशोब, स्वतःच्या हाताने मांडा. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात वाफेचा वापर उसाच्या वजनाच्या ४५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणला, तर दिवसाला ५०० टन वाफ वाचते. एक किलो बगॅसपासून दोन-सव्वादोन किलो वाफ मिळते. म्हणजे रोजचं सव्वादोनशे ते अडीचशे टन बगॅस शिल्लक, जे ऑफ सीझनला डिस्टिलरी चालवायला उपयोगी पडतं.

पेच इथूनच सुरू होतो. ही बचत करायची तर इव्हापोरेटरच्या (रस आटवणाऱ्या यंत्राच्या) एकेका बॉडीत, म्हणजे टाकीत, रसातून निघणारी वाफ ज्यूस हीटरला आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला द्यावी लागते. मग पॅन थांबले की त्या वाफेला जायला जागा उरत नाही, रस आटणं मंदावतं, एक्झॉस्टचा, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा, दाब चढतो आणि त्याचा ताण थेट टर्बाइनवर येतो. जितकी काटकसर, तितकी सगळी यंत्रं एकमेकांत गुंतलेली. म्हणून बायपास लाइन, बॉयलरची वाफ दाब कमी करून थेट देणारं प्रेशर रिड्यूसिंग स्टेशन आणि धुलाईसाठी मोकळी ठेवलेली स्टँडबाय बॉडी यांना कुणी ‘अनावश्यक खर्च’ म्हणालं, तर ठामपणे विरोध करा. माझ्या मते टिकाऊपणाचं निम्मं डिझाइन तेवढ्यात आहे.

पाण्याचंही तसंच. उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं. नीट वापरलं तर बाहेरचं पाणी फारच थोडं लागतं आणि दुष्काळी वर्षात त्यावर कारखाना तरतो. पण इव्हापोरेटरचं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) बॉयलरला परत पाठवताना त्यात साखर गेली, तर बॉयलरचं पाणी आम्लधर्मी होतं, फेसाळतं आणि ट्यूबांची वाट लागते. लॅबमधला माणूस परीक्षानळीत कंडेन्सेट घेतो, अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतो आणि नळीच्या कडेने हळूच सल्फ्युरिक अॅसिड सोडतो. जांभळं कडं दिसलं की बॉयलरकडे निरोप आणि ते पाणी ताबडतोब गटारात. ही चाचणी रात्रपाळीत उभं राहून बघाच. पुनर्वापराच्या प्रत्येक योजनेत असा एक पहारेकरी आणि असा एक व्हॉल्व्ह कुठे आहे, हे मी तेव्हापासून आधी शोधतो.

यंत्रांइतकीच माणसांची रचना महत्त्वाची. तोडलेला ऊस चोवीस तासांहून जास्त पडून राहिला तर साखर घटत जाते. म्हणजे शेती विभागाची तोडणी-वाहतूक आणि मिलचा वेग यांचं रोज बोलणं झालंच पाहिजे. पॅन चालवणाऱ्या पॅनमनला साखरेचा दाणा बोटांवर घेऊन जे कळतं, ते तो निवृत्त होण्याआधी दोन पोरांना शिकवलंय का, हेही तुमच्याच कामात येतं. धोरणाचा फटकाही धरून चाला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. एकाच कच्च्या मालावर विसंबलेल्यांची पंचाईत झाली. मोलॅसिस आणि धान्य दोन्ही चालवू शकणाऱ्यांना निदान पर्याय होता.

अभ्यासाचं म्हणाल तर थर्मोडायनॅमिक्स आणि मास बॅलन्स (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा हिशोब) पक्के हवेत. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथले साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम बघा. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी मॅनेजर-ऑडिटर परीक्षा जरूर द्या. सेबीचे बीआरएसआर, म्हणजे कंपन्यांचे शाश्वततेचे, अहवाल लिहायला नंतरही शिकता येतं.

रुजू व्हायचं तर शक्यतो पावसाळ्यात व्हा. ओव्हरहॉलिंगला रोलर, पंप, बॉड्या सगळं उघडलेलं असतं आणि फिटरला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मुलाखतीत तुम्हीही विचारा: मागच्या हंगामात मिल किती तास बंद होती, ‘नो केन’मुळे (ऊस न आल्यामुळे) किती आणि मोडतोडीमुळे किती? ज्यांच्याकडे ही नोंद कारणांसकट तयार असेल, तिथे कमी पगारातही जा.