मंडईपासून मृगापर्यंत: तलावाच्या कामाची तयारीची यादी

शेजारच्या गावचे चार पोट्टे परवा घरी येऊन बसले, म्हणाले दादा आमाले पण आमच्या तलावावर पक्ष्यांचं काम सुरू करायचं हाये, तुमी पैसे कसे जमवता अन् कामं कशी लावता तेवढी यादी लिहून द्या. आता एक-दोन-तीन आकडे टाकून देता आली असती, पण तशी यादी तुम्ही भिंतीला चिकटवाल अन् विसराल, म्हणून जसं आठवते तसं लिहून राहिलो. लागू पडते तेवढं घ्या.

पहिली गोष्ट पैसे नाही. पहिली गोष्ट म्हणजे तलाव कोणाचा ते माहीत करून घ्या. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात बहुतेक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले. बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले जिल्हा परिषदेकडे आहेत, त्यावरचे पाटबंधारे विभागाकडे. पण कागदावर मालक एक, मासे धरायचा ठेका मच्छीमार सोसायटीचा, पाणी खालच्या बांधीवाल्यांचं (धानाच्या शेतवाल्यांचं), अन् ढोरं धुणं गावाचं. या चौघांपैकी एकालाही न विचारता तुम्ही काठावर माजलेलं बेशरमचं झुडूप तोडायला कोयते घेऊन उतरले तं पहिल्याच दिवशी भांडण होते. म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, त्याची झेरॉक्स लावून तलाव ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात अर्ज द्या अन् पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असतेच, तिच्या अध्यक्षाची सही पण घेऊन टाका, काम त्यांचंच आहे खरं तर.

सोसायटीचं मात्र पत्रानं भागत नाही, जाऊन बसावं लागते. आम्ही पहिल्या वर्षी गेलोच नाही, डायरेक्ट तलावावर, बेशरम तोडायला. एक म्हातारे ढिवर बाबा पाळीवर (तलावाच्या बांधावर) जाळं सुकवत होते, ते एवढंच म्हणाले, "कायले तोडता गा बापू, तुमाले मालूम तरी हाये का याच्या खाली का होतं?" मग त्यांनीच मला डोंग्यात बसवलं अन् तलावाच्या उथळ बाजूला नेलं. एका जागी बांबू खाली टोचून गोल फिरवून वर काढला, तं त्याला हायड्रिलाच्या हिरव्या दोऱ्या गुंडाळून आल्या, त्यात बारके गोगलगायी, एक झिंगा उडत होता. वीस हात पुढे जाऊन परत टोचला, वर आला तं नुसता काळा चिखल. म्हणे इथंही होतं तसंच, ग्रास कार्प (पाणगवत खाणारा मासा) सोडला तवापासून गेलं. मी इतकी वर्षं दुर्बीण घेऊन त्याच तलावावर जात होतो अन् बदकं एकाच कोपऱ्यात काहून बसतात हा प्रश्न मला पडला नव्हता. तं तुमच्या यादीत हे आधी लिहा: सोसायटीच्या दोन जुन्या माणसांसोबत डोंग्यात एक फेरी, अन् कोणत्या जागी काय उगवते, काय उगवायचं बंद झालं, कुठं देवधान (आपोआप उगवणारं रानधान) आहे, कुठं कमळ, ते वहीत उतरवून घेणं. ग्रास कार्प सोडू नका हे सोसायटीला सांगायचं असेल तं पक्ष्यांच्या नावानं सांगू नका, पाणवनस्पती गेल्या की मरळ-मांगूरला लपायला, अंडी घालायला जागा राहत नाही हे सांगा. ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते, फक्त कोणी विचारत नाही.

आता पैसे. आपल्या भागात पैसे मागायचा खरा सीझन म्हणजे मंडई, गावची जत्रा. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, दंडार (लोकनाट्य) होते, लेकी-जावई गावात असतात, पुण्या-नागपूरचे पोट्टे सुट्टीवर असतात, अन् योगायोगानं ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्य सरकारचा पक्षी सप्ताह पण तेव्हाच असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली सरांची जयंती, १२ तारीख सालिम अलींची. चितमपल्ली सर आपल्याच नवेगावबांधला वनाधिकारी होते, तं म्हाताऱ्या लोकांना नाव सांगितलं की लगेच ओळख निघते. म्हणून मंडईच्या पंधरा दिवस आधी ही तयारी पाहिजे: एक टेबल, कापडी बॅनर (फ्लेक्स नका करू, नंतर तोच तलावात सापडते), एक दुर्बीण स्टँडवर लावून, अन् तलाव दिसेल अशी जागा. तलाव दिसत नसेल तं जवळच्या वडा-उंबराकडे लावा, हरियल दिसले की काम झालं, आपला राज्यपक्षी म्हणून सांगता येते अन् हिरवा-पिवळा रंग पाहून लेकरं हटत नाहीत. दुर्बिणीतून पाहायचे पाच रुपये. पाच रुपयांनी काही तलाव साफ होत नाही, पण पाच रुपये देऊन ज्यानं कमळपक्षी पानावरून चालताना पाहिला तो मे महिन्यात फावडं घेऊन येतो, हा अनुभव आहे.

नाटक लावायची हौस कोणाला आली तं तिथंच थांबवा. वडसाच्या कंपनीचं झाडीपट्टी नाटक म्हणजे मंडप, लाइट, साउंड, ऐन सीझनचा दर, अन् त्याच रात्री बाजूच्या गावात दुसरं नाटक असलं की तिकीट गेलं. मोठ्या मंडळाला जमते, आपल्याला नाही.

आम्हाला जमलं ते पक्षी मोजायचं. सप्ताहातला एक रविवार धरायचा, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आपली टीम जितक्या जातीचे पक्षी पाहील तितके, अन् देणाऱ्यानं प्रत्येक जातीमागे दोन-पाच-दहा जे बोलले ते द्यायचे. याच्यात एकच धोका, तो आधी सांगून ठेवा. आमच्या इथल्या किराणावाल्या काकांनी पहिल्या वर्षी जोशात जातीमागे वीस रुपये बोलले, त्यांच्या हिशोबानं कावळा, चिमणी, साळुंकी, बगळा मिळून पंधरा-वीस होतील. संध्याकाळी आम्ही ७८ ची यादी घेऊन दुकानात गेलो तं ते एकेक नाव वाचत गेले, धोबीच तीन-तीन कसे, वटवट्या म्हणजे कोणता, हा का पक्षी आहे का, शेवटी अर्धे दिले अन् वर्षभर तोच किस्सा गिऱ्हाइकांना सांगितला. तेव्हापासून फॉर्मवर आम्ही वरची मर्यादा लिहायचा रकाना ठेवला. फॉर्मवर नाव, जातीमागे रक्कम, जास्तीत जास्त किती, अन् पैसे कशासाठी जाणार ते एका ओळीत. "पक्षी संवर्धन" असं मोघम लिहू नका, "अमुक तलावाच्या पूर्वेकडची बेशरम काढणे" असं लिहा, म्हणजे पुढच्या मंडईला तो माणूस स्वतः जाऊन पाहू शकते.

मोजायच्या दिवसासाठी टीममध्ये एक ओळखणारा, एक लिहिणारा, एक गाडीवाला, अन् एक गावातला ज्याला वाटा माहीत. दोघांनी पाहिला तरच लिहायचा. चक्रवाक, लालसरी, पट्टकादंब हे पाहुणे त्या आठवड्यात आले असतील किंवा नसतील, थंडीवर आहे, त्यांच्या भरवशावर आकडा फुगवून कोणाला सांगू नका. वारकरी, हळदीकुंकू बदक, मुग्धबलाक, शराटी, टिटवी, खंड्या हे तं मिळतातच.

हिशोबाचं लिहायला कंटाळा येते पण भांडणं तिथंच होतात. नंबर छापलेलं पावतीबुक, कार्बन कॉपीवालं, अन् कोणत्या नंबरचं बुक कोणाकडे आहे याची नोंद. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा पाहिजे, कोणाच्या पर्सनल फोनचा नाही, कितीही भरवशाचा माणूस असो. खात्यावर दोन सह्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली अन् इन्कम टॅक्सची मान्यता घेतलेली नसेल तं ८०जी चं (देणाऱ्याला टॅक्समध्ये मिळणारी सूट) नावच काढू नका. असेल तं लक्षात ठेवा की २००० च्या वर रोख घेतली की त्या रकमेवर देणाऱ्याला सूट मिळत नाही, अन् नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्या मास्तर लोकांना तं ती तशीही मिळत नाही, म्हणून ते विचारायच्या आधीच सांगून टाका. देणगीदारांचं विवरण ३१ मे पर्यंत ऑनलाइन भरायचं असते, अन् तेव्हा आपण सगळे तलावात असतो, म्हणून सीएकडे कागद मार्चमध्येच द्या. कोणाचा भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल तं त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, हे त्याला वाईट वाटलं तरी चालेल. आलेले-गेलेले पैसे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर दर महिन्याला चिकटवायचे. व्हॉट्सअपवर टाकलेला हिशोब गुड मॉर्निंगखाली दबून जाते, बोर्डावरचा सगळे वाचतात, अन् चहाचे चाळीस रुपये कसे झाले हे पण विचारतात.

एप्रिल-मे आला की खरं काम, बेशरम. पाणी उतरलेलं असते, काठ उघडा पडते, तेव्हाच काढता येते. ही काही आपल्याकडची नाही, दक्षिण अमेरिकेची, फिकट जांभळी फुलं पाहून कोणाला सुंदर वाटत असेल, पण ढोरं तोंड लावत नाहीत, खाल्ली तं विष, अन् एकदा काठ धरला की उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्याला पाय टेकायला जागा ठेवत नाही. पहिल्या वर्षीची आमची चूक सांगतो, हिला बेशरम उगाच म्हणत नाहीत. आम्ही पन्नासेक जणांनी दोन दिवस कोयत्यानं सपासप कापली, फोटो काढले, पेपरात बातमी आली, अन् कापलेले फोक पाळीच्या आतल्या उतारावरच टाकून घरी गेलो. मृग बरसला, पाणी चढलं, एकेक फोक तरंगत तरंगत तलावभर गेला अन् जिथं अडकला तिथं पेरापेरातून मुळं फुटली. ऑगस्टमध्ये जिथं कधी नव्हती तिथं पण बेशरम. सोसायटीवाल्यांनी आम्हाला त्या वर्षी काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तं यादीत कोयत्यापेक्षा टिकास, सब्बल अन् कुदळ जास्त पाहिजेत, मुळासकट उपटायची, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाळीच्या बाहेर कोरड्या जागी न्यायची अन् पूर्ण वाळली की जाळायची, तेही वारा पाहून. चीक हाताला लागते, खाजते, हातमोजे आणा, नसतील तं जुने कापड. काम पहाटे पाच ते नऊ, आपल्या मे महिन्यात त्यानंतर कोणी राबवून घेऊ नये. पिण्याच्या पाण्याचे कॅन, ओआरएस, गूळ, अन् मजुरीवर आलेल्या बायांना गावात चालू असलेला दर त्याच दिवशी हातात. श्रमदान हे पगारदार लोकांसाठी ठीक आहे, रोजीवाल्या बाईला श्रमदान मागायला मला तरी लाज वाटते. जमा झालेल्या पैशाचा मोठा भाग इथंच जाते अन् जावाच.

जेसीबी कोणी फुकट देतो म्हटलं तं एकदम खूश होऊ नका. गाळ काढणं चांगलंच, २०१७ पासून गाळमुक्त धरणची योजना पण आहे, शेतकरी गाळ नेतात, पण मशीनवाला तलावाचा काठ सरळ उभा कापून टाकते, तलाव म्हणजे मोठी विहीर होते. मग पाणी भरपूर अन् सारस, शराटी, तुतवार उभे कुठं राहतील? वरच्या बाजूचा, जिथून पाणी येते तो उतरता उथळ भाग चुन्यानं आखून द्या, तिथं मशीन जाणार नाही असं ठरावातच लिहून घ्या. अन् मशीन चालू असताना आपला एक माणूस तिथं दिवसभर पाहिजे, चहाला पण उठायचा नाही.

बेशरम निघालेल्या जागी पहिल्या पावसानंतर लागवड. जिथं चांगलं उगवते त्या तलावातून हायड्रिला, कमळकंद, देवधानाचं बी आणायचं, बचत गटाच्या बायांना हे रोवणीसारखंच वाटते, हात चालतात त्यांचे, आपण फक्त पोतं ओलं ठेवायचं काम करावं.

शेवटचं सारसाचं. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, थोडाफार भंडारा-चंद्रपूरकडे, अन् वैनगंगेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला पण आहे. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली तेव्हापासून जिल्ह्याच्या ऑफिसात सारस म्हटलं की निदान कोणाला तरी फाइल आठवते, त्याचा फायदा घ्या. तुमच्या शिवारात जोडी दिसत असेल तं शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारांखालून एकदा चालत जा अन् ज्या खांबांमधून ती उडते त्या खांबांवरचे नंबर लिहून वीज कंपनीला अर्ज द्या, नुसतं "शेतातल्या तारा" लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. रोवणी झाली की ती बांधीतच घरटं करते, बहुतेक दोन अंडी, महिनाभर दोघं आळीपाळीनं बसतात, तेवढ्या जागेतलं धान जाते हे खरं आहे, अन् शेतकऱ्याचं ते नुकसान हातात पैसे देऊन भरून द्यायचं, सत्कार-श्रीफळ नंतर. यासाठी देणगीतली रक्कम जुलैच्या आधीच बाजूला काढून ठेवा. त्या बांधीत फवारणी कधी आहे ते आधी विचारून घ्या. घरट्याचा फोटो नाही, लोकेशन नाही, आपल्या ग्रुपवर पण नाही.

जूनमध्ये सारस मोजणी असते, त्यासाठी दोन-दोन जणांच्या जोड्या लावा, पहाट व्हायच्या आत ठरल्या जागी, सगळीकडे एकाच वेळी, म्हणजे इकडून उडालेली जोडी तिकडे परत मोजली जात नाही. किती, किती वाजता, कोणत्या दिशेनं आले अन् कोणत्या दिशेनं गेले, एवढंच लिहायचं. अन् पेन नका नेऊ, पेन्सिल न्या. मागच्या वर्षी साडेपाचला सर आली अन् आमच्या एका जोडीच्या वहीत निळ्या डागाशिवाय काही उरलं नाही.