युकुलेलेच्या पहिल्या चार कॉर्ड न अडखळता कशा बदलायच्या

युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. घेताना कॉन्सर्ट आकाराचं घ्या, त्याहून लहान सोप्रानोवर मोठ्या माणसाची बोटं एकमेकांत अडकतात. गोव्याच्या दमट हवेत लॅमिनेटचंच (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं) बरं. अखंड लाकडाचं पावसाळ्यात फुगतं. तारा नायलॉनच्या, त्यामुळे त्या गंजत नाहीत. खुंट्यांचे गिअर मात्र खाऱ्या हवेने गंजतात, म्हणून वाजवून झालं की पुसून ठेवा.

भजनाची पेटी घरात असेल तर सूर तिच्यावरच लावा. पांढरी एकचा सा धरला की छताकडच्या तारेपासून खाली प, सा, ग, ध. चारही एकाच सप्तकातले. प ही वरची तार खर्जाची समजून सैल करू नका. नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात, तेव्हा रोज पुन्हा लावाव्या लागतात.

आता खरी अडचण. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. बहुतेक ठिकाणी आधी सी ही कॉर्ड शिकवतात, कारण त्यात एकच बोट लागतं. नंतर एफ आली की ते बोट उचलून दोन नवी बोटं दोन नव्या जागी टाकायची, आणि इथेच हात थांबतो. हा क्रम सोडा. ए मायनर, एफ, जी सेव्हन, सी या क्रमाने शिका.

ए मायनर: मधलं बोट प तारेवर, दुसरा फ्रेट (म्हणजे खुंट्यांकडून मोजून दुसऱ्या धातूच्या पट्टीच्या अलीकडे).
एफ: मधलं बोट हलवू नका, तर्जनी ग तारेवर, पहिला फ्रेट.
जी सेव्हन: आता तर्जनी हलवू नका. मधलं बोट सा तारेवर आणि अनामिका ध तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला.
सी: अनामिका न उचलता तिसऱ्या फ्रेटवर सरकवा, बाकीची सोडा.

प्रत्येक बदलात एक बोट तारेवरच राहतं, बाकीची त्याच्या आधाराने जागा शोधतात. सीवरून पुन्हा ए मायनरकडे जाताना तेवढा आधार नाही. तिथे मधलं बोट आधी ठेवा, मग अनामिका उचला.

तार किरकिरली तर बोट फ्रेटपासून मागे पडलंय, ते पट्टीला अगदी भिडवा. जोर वाढवून उपयोग नाही. एफमध्ये ध तार मुकी झाली तर तर्जनी आडवी पडतेय. शेवटचं पेर उभं करा, नख वाढलं असेल तर कापा. आणि डाव्या हाताने वाद्याची मान (तारांखालचा लांब दांडा) पेलू नका. पेलणारा हात बोटं मोकळी सोडूच शकत नाही. उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने वाद्य छातीशी दाबून धरा, जमत नसेल तर सरळ पट्टा लावा.

स्ट्रम, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवणं, सोपा: तर्जनीच्या नखाने, मान जिथे खोक्याला मिळते तिथे, खाली चार वेळा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. भजनी ठेका लावलात तर आठ मात्रांत दोन कॉर्ड बसतात. कॉर्ड बदलायला उशीर झाला तरी उजवा हात थांबवायचा नाही. मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्या. कॉर्ड लागेपर्यंत थांबायची सवय एकदा जडली की ती मोडायला फार वेळ जातो.

चारही बदल 60 वर सलग पाच फेऱ्या न चुकता झाले की 70 करा. बोटांची टोकं दुखू लागली की त्या दिवसापुरतं बंद करा.