वर्डप्रेस मल्टिसाइट शिकताना: पाटीवर नवं नाव, सातबाऱ्यावर जुनं

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि एकाच वर्डप्रेसवर अनेक वेबसाइट चालवायच्या सोयीला म्हणतात मल्टिसाइट. त्या मल्टिसाइटचं काम ज्यांच्या हातात पहिल्यांदाच आलंय आणि डॉक्युमेंटेशन वाचून डोकं गरगरतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही कमी पडताय असं अजिबात समजू नका, ते शब्द खरंच गोंधळाचे आहेत आणि त्याला कारण आहे. ते कारण मला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं असं मला आजही मनापासून वाटतं.

बीएससी करून मी पुण्यात एका छोट्या एजन्सीत लागले. एका शिक्षण संस्थेची अकरा कॉलेजं होती, सगळ्यांच्या वेबसाइट एकाच वर्डप्रेस नेटवर्कवर, थीमही, म्हणजे दिसण्याचा साचाही, सगळ्यांना एकच. मला काम मिळालं ते एवढंसंच, फार्मसी कॉलेजच्या साइटवर वरच्या पट्टीत ॲडमिशनचा हेल्पलाइन नंबर दाखवायचा. नंबर सेव्ह करायला दोन फंक्शन, म्हणजे कोडमध्ये वापरायच्या तयार आज्ञा दिसल्या, एक 'अपडेट_ऑप्शन' आणि दुसरं 'अपडेट_साइट_ऑप्शन'. मी म्हटलं आपल्याला एकाच साइटपुरता नंबर हवाय, म्हणजे ज्याच्या नावात साइट आहे तेच आपलं. लॅपटॉपवर करून पाहिलं, व्यवस्थित चाललं, संध्याकाळी लाइव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा कॉलेजांच्या पट्टीत फार्मसीचा नंबर, आणि तिथले क्लार्क काका आठ वाजल्यापासून इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे फोन घेत बसलेले.

आमच्या सिनियर ताईने शांतपणे डेटाबेस उघडला आणि म्हणाली, "अगं, या फंक्शनमधला साइट शब्द २०१० च्या आधीचा आहे. तिथे साइट म्हणजे अख्खं नेटवर्क."

झालं असं की २०१० पर्यंत 'वर्डप्रेस एमयू' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर होतं, एमयू म्हणजे मल्टी-युजर. त्यात प्रत्येकाच्या छोट्या वेबसाइटला म्हणायचे ब्लॉग आणि ते सगळे ब्लॉग मिळून जो डोलारा व्हायचा त्याला म्हणायचे साइट. जून २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० आलं, एमयू मूळ वर्डप्रेसमध्ये विलीन झालं आणि नावं एकेक पायरी वर सरकली. ब्लॉगची झाली साइट, साइटचं झालं नेटवर्क. पण हे बदललं स्क्रीनवर आणि माहितीपानांवर. फंक्शनची आणि टेबलांची नावं बदलली असती तर त्यांच्यावर उभी असलेली प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर, मोडली असती, म्हणून ती तशीच ठेवली. शहर मुंबई झालं तरी हायकोर्ट आजही बॉम्बे हायकोर्टच आहे ना, तसंच हे. दारावरची पाटी बदलली, सातबाऱ्यावर नाव जुनंच.

तो सातबारा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. डेटाबेसमध्ये 'डब्ल्यूपी_ब्लॉग्ज' नावाचं टेबल असतं, त्यात प्रत्येक साइटची एक ओळ, म्हणजे आमच्याकडे अकरा कॉलेजं आणि संस्थेची मुख्य साइट धरून बारा ओळी. शेजारी 'डब्ल्यूपी_साइट' टेबल, त्यात ओळ एकच, कारण ती नेटवर्कची. आता ब्लॉग्ज टेबलात फार्मसीच्या ओळीवर बोट ठेवा: ब्लॉग_आयडी ७, साइट_आयडी १. खालची ओळ: ब्लॉग_आयडी ८, साइट_आयडी १. वरपासून खालपर्यंत साइट_आयडीच्या रकान्यात एकच एक. तो रकाना बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तो साइटचा नंबर नाहीच, तो नेटवर्कचा नंबर आहे. माझा हेल्पलाइन नंबर जाऊन बसला होता 'डब्ल्यूपी_साइटमेटा' मध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, आणि तिथून प्रत्येक कॉलेज तो उचलत होतं. जायला हवा होता 'डब्ल्यूपी_७_ऑप्शन्स' मध्ये.

मग लॅपटॉपवर कसं चाललं? तर माझ्या लॅपटॉपवर साधं, एकट्या साइटचं वर्डप्रेस होतं आणि मल्टिसाइट नसेल तर 'अपडेट_साइट_ऑप्शन' गुपचूप साध्या ऑप्शन्स टेबलातच लिहितं. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणून सांगते, मल्टिसाइटचा कोड मल्टिसाइटवरच तपासा, लॅपटॉपवर कॉन्फिग फाइलमध्ये 'डब्ल्यूपी_अलाउ_मल्टिसाइट' ची ओळ टाकून नेटवर्क सेटअप करा आणि त्यात निदान तीन साइट बनवा, कारण एका साइटवर हा घोटाळा दिसतच नाही.

आता खरी पंचाईत ऐका. "कोडमध्ये साइट दिसलं की नेटवर्क समजायचं" असा नियम पाठ केलात तर तोही फसवतो. नंतर आलेली फंक्शन नव्या अर्थाने लिहिलीत. २०१६ च्या ४.६ मध्ये 'गेट_साइट' आणि 'गेट_साइट्स' आली, त्यातली साइट म्हणजे खरोखरची एक साइट. पण 'गेट_साइट' ने जो ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा गठ्ठा, हातात येतो त्याच्या आत पुन्हा ब्लॉग_आयडी म्हणजे साइटचा नंबर आणि साइट_आयडी म्हणजे नेटवर्कचा! एकाच ओळीत दोन्ही जमाने. म्हणून डॉक्युमेंटेशनमध्ये कुठलंही फंक्शन वाचताना खाली ते कुठल्या व्हर्जनपासून आहे ते आधी बघायची सवय लावा. 'स्विच_टू_ब्लॉग', 'गेट_करंट_ब्लॉग_आयडी' ही जुन्या बोलीतली, आजही रोज वापरायची, ब्लॉग म्हणजे साइट एवढं धरून चाला. नेटवर्कचं सेटिंग हवं असेल तर 'गेट_नेटवर्क_ऑप्शन' वापरा, ते २०१५ च्या ४.४ पासून आहे आणि नावातच खरं सांगतं. मी आता माझ्या कोडमध्ये तेच वापरते, वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

'साइट_यूआरएल' हा आणखी तिसराच प्रकार, त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. वर्डप्रेसच्या फाइली जिथे आहेत तो पत्ता म्हणजे साइट_यूआरएल आणि लोक ज्या पत्त्यावर येतात तो होम_यूआरएल. बहुतेक वेळा दोन्ही सारखेच असतात म्हणून चूक खपून जाते.

'एमयू-प्लगिन्स' फोल्डरबद्दल बरेच जण विचारतात. एमयू बघून ते मल्टिसाइटचंच असणार असं वाटतं, आधी तसं होतंही, पण आता त्याचा अर्थ मस्ट-यूज असा लावलाय. साध्या वर्डप्रेसमध्येही ते चालतं. त्यातली फाइल आपोआप चालू होते, बंद करायचं बटण नसतं, आणि फोल्डरच्या आत फोल्डर करून ठेवलीत तर ती उचलली जात नाही. यावर माझी एक अख्खी दुपार गेलीय.

माणसांच्या बाबतीतही शब्द जपून वाचा. युजरचं टेबल सगळ्या नेटवर्कला मिळून एकच असतं. एखाद्या प्राध्यापकांना फार्मसीच्या साइटवरून रिमूव्ह केलं तर ते फक्त त्या साइटवरून जातात, खातं राहतं. नेटवर्कच्या ॲडमिनमधून डिलीट केलं तर सगळीकडूनच जातात. क्लायंट फोनवर "त्यांना काढून टाका" एवढंच म्हणतो, तेव्हा कुठून काढायचं ते विचारल्याशिवाय हात लावू नका. याउलट ब्लॉग्ज टेबलात 'डिलिटेड' नावाचा रकाना आहे, तिथे १ दिसला म्हणजे साइट पुसली गेली असं नाही, ती बंद केलीय, तिची टेबलं जागेवर आहेत. खरंच पुसलेली साइट त्या यादीत दिसतच नाही.

मुख्य साइटच्या टेबलांना नंबर नसतो, म्हणजे 'डब्ल्यूपी_१_पोस्ट्स' शोधत बसू नका, ती नुसती 'डब्ल्यूपी_पोस्ट्स'. कमांड लाइनवरही, म्हणजे 'डब्ल्यूपी-सीएलआय' मध्ये आज्ञा टाइप करून काम करताना, साइटचा यूआरएल दिला नाही तर कमांड मुख्य साइटवर चालते.

फार्मसीचा नंबर दुरुस्त करताना मी फंक्शन बदललं आणि सुटले असं समजले, पण साइटमेटामधली जुनी ओळ तशीच होती. ताईने विचारलं, "ती कोण काढणार?" मग 'डिलीट_साइट_ऑप्शन' चालवून ती काढली, अकराही साइट एकेक उघडून पट्टी बघितली आणि क्लार्क काकांना फोन करून सांगितलं की आता फक्त तुमच्याच कॉलेजचे फोन येतील.