हॉटेल उघडण्याआधी कचऱ्याचे डबे कुठे ठेवाल?

गॅस, खाद्य परवाना, मेनूचा बोर्ड झाला की उद्घाटनाची तारीख ठरते. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री आठवतो. मग मोरीशेजारी एक मोठं पिंप येतं आणि त्यात चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, फुटका ग्लास सुखाने एकत्र नांदतात. पुण्यात पंधरा-वीस टेबलांचं हॉटेल काढत असाल, तर ओटा बांधतानाच डब्यांच्या जागा ठरवा. हात जिथे रिकामा होतो तिथेच डबा हवा. चार पावलं लांब असला तर गर्दीच्या वेळी कोणी जात नाही.

ओल्याचा डबा भाजी चिरायच्या ओट्याखाली आणि दुसरा ताटं आणून ठेवतात तिथे. आत पिशवी घालू नका, रोज धुता येईल असाच घ्या. सुक्याचा पार्सल काउंटरमागे. दुधाच्या पिशव्या विसळून, निथळून मगच त्यात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी द्या. कचरा हाताने निवडणाऱ्या बायका पुण्यात आजही आहेत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना त्यांनीच उभी केली आणि पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. कचरा न्यायला कोण आणि किती वाजता येणार, हे आधीच विचारून ठेवा.

खरी गोची तेलाची. तळून तळून काळं पडलेलं, फेसाळणारं, लवकर धुरावणारं तेल वापरातून काढायचंच. जुलै २०१८ पासून तेलातली पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यास अयोग्य ठरतं. हे तेल झाकणाच्या डब्यात साठवा, डब्यावर 'जळकं तेल' असं ठळक लिहा आणि बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला पावती घेऊन द्या. दोन पैसे जास्त देतो म्हणून कोणालाही विकलंत तर तेच तेल दुसऱ्याच्या कढईत चढतं. आणि मोरीत तर ओतूच नका! एका दिवाळीत आमच्याकडे कोणीतरी ओतलं; चेंबर थिजून बसला आणि ऐन फराळाच्या ऑर्डरींत दोन दिवस भटारखाना बंद. तेव्हापासून मोरीच्या तोंडाशी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी पेटी आहे, तो दर सोमवारी उपसतो.

पहिला आठवडा सगळा कचरा वजनकाट्यावर चढवून वहीत लिहा. दिवसाची सरासरी १०० किलोच्या वर गेली की घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे तुम्ही मोठे कचराकर्ते, म्हणजे ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. शहाळी ठेवणार असाल तर हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो.

बल्ब, बॅटऱ्या एका खोक्यात बाजूला. बाथरूममध्ये झाकणाचा डबा आणि वापरलेले पॅड गुंडाळायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, बस.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नोकरमंडळींना जेवायला बसवा आणि भांडी घासणाऱ्या मावशींना एकामागून एक ताटं उचलू द्या. आमच्या मावशींनी दहाव्या ताटालाच ओल्याचा डबा पायाने डावीकडून उजवीकडे ढकलला. तो अजून तिथेच आहे.