इंग्लंडात जुनी गाडी घेताय? डीलरशी फोनवर बोलू नका, लिहा

इकडे आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच अनेकांना जुनी गाडी घ्यावी लागते. मीही घेतली आणि फसले. नवव्या दिवशी इंजिनाचा दिवा लागला. डीलर फोनवर फार गोड बोलायचा, "सोमवारी आणा, करून देतो." सोमवार आला की त्याचा मेकॅनिक रजेवर. असे पाच आठवडे गेले आणि मग त्याने थंडपणे सांगितलं, "तीस दिवस उलटले, आता पैसे परत मिळत नाहीत."

तेव्हा कळलं, तो गोडवा कशासाठी होता. 'कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५' प्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर ३० दिवसांच्या आत ती नाकारून सगळे पैसे परत मागता येतात. आपण दुरुस्ती मागितली तर ती होईपर्यंत हे दिवस मोजले जात नाहीत. मी मागितली होती, पण फोनवर. हातात पुरावा काहीच नव्हता.

म्हणून दोष दिसला त्याच दिवशी ईमेल करा. गाडीचा नंबर, खरेदीची तारीख, दोष, कायद्याचं नाव आणि 'आय ॲम रिजेक्टिंग द कार' हे स्पष्ट शब्द. 'जरा बघाल का' असं लिहू नका. इतकं रोखठोक लिहिणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, पण इथे तो उद्धटपणा समजत नाहीत. एकदा नाकारली की ती गाडी चालवायची नाही. आणि दोष घेतानाच होता हे दाखवायला एए किंवा आरएसी या वाहनांना मदत करणाऱ्या संस्थांसारख्या बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या. त्याला पैसे पडतात, पण पुढे सगळं त्यावरच उभं राहतं.

३० दिवस गेले म्हणून सगळं संपत नाही. त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर गाडी परत करता येते, फक्त वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता हे सिद्ध करायचं काम डीलरचं. पावतीवर 'सोल्ड ॲज सीन' (जशी दिसते तशी विकली) लिहिलेलं असलं तरी व्यापाऱ्याची जबाबदारी टळत नाही. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीला मात्र हे संरक्षण नाही, आणि काही डीलर मुद्दाम खासगी माणूस असल्याचं दाखवतात. पावती कुणाच्या नावाची आहे ते आधी बघा.

माझे पैसे परत आले ते डीलरकडून नाही, बँकेकडून. गाडी ठरवताना २०० पौंड क्रेडिट कार्डाने भरले होते. 'कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४' च्या कलम ७५ नुसार वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर थोडीच रक्कम क्रेडिट कार्डाने भरलेली असली तरी पूर्ण व्यवहारासाठी कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. बँकेने आधी नकार दिला. मी लेखी तक्रार केली, अहवाल आणि ईमेल जोडले, तेव्हा मान्य केलं. बँकेने मान्य केलं नाही तर फायनान्शियल ओंबड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट दाद मागता येते. बँकेचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. डेबिट कार्ड असेल तर बँकेला 'चार्जबॅक', म्हणजे भरलेले पैसे विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागवणं, विचारा. तो कायद्याने मिळालेला हक्क नाही, तरी उपयोगी पडतो. फक्त बँक ट्रान्सफरच हवी म्हणणाऱ्याकडून मी आता गाडी घेणार नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर १४ दिवसांची मुदत देऊन 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे दाव्याआधीची नोटीस, पाठवा आणि मग स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या कोर्टाच्या सोप्या प्रक्रियेत, दावा लावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याची मर्यादा १०,००० पौंड आहे, अर्ज ऑनलाइन होतो, वकील लागत नाही. त्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तुमची माहिती ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, पोचवतात. ट्रेडिंग स्टँडर्ड्स तुमचे पैसे वसूल करून देत नाही, पण तोच डीलर दहा जणांना फसवत असेल तर ते तिथेच लक्षात येतं.

"उगाच वाढवू नका, व्हिसाला त्रास होईल," असंही माझा डीलर म्हणाला होता. त्या भीतीने मी दोन आठवडे गप्प बसले. ग्राहकाचा हक्क पासपोर्ट बघून मिळत नाही. तुम्हाला कुणी असं म्हणालं, तर त्याच संध्याकाळी त्याला ईमेल करा: आज इतक्या वाजता फोनवर आपण मला हे असं म्हणालात.