हायब्रिड घेऊन महाबळेश्वरला निघण्याआधी

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेऊन शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं ठरलं असेल, तर तयारी टायरच्या हवेपासून सुरू करा. हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे गाडी निदान तीनेक तास उभी असायला हवी. पंपापर्यंत चालवत नेलीत की आकडा वर गेलेला दिसतो आणि तिथला मुलगा नेमकी हवी असलेली हवा सोडून देतो. घरी छोटा पंप असेल तर उत्तम. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. माणसं-सामान भरून निघणार असाल तर फुल लोडचा आकडा धरा. नायट्रोजन भरून घ्या असा आग्रह होईल. भरा हवा तर, पण ॲव्हरेज ठरतं ते दाबावर.

वरचा कॅरिअर रिकामा असेल तर काढून ठेवा. सामान लावताना बॅटरीला हवा पुरवणारी जाळी मोकळी राहील एवढं बघा. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते आणि नेमकी तिथेच कोणीतरी चादर कोंबतं. सर्व्हिसिंग बाहेर केलं असेल तर ऑइल कोणतं घातलंय ते बिलावर पाहा. अनेक हायब्रिड गाड्यांना 0डब्ल्यू-16 सारखं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. ‘घट्ट ऑइल चांगलं’ हा जुना सल्ला इथे चालत नाही. टाकी पहिल्या ऑटोकटला (पंपाचं नोझल आपोआप बंद होतं तिथे) थांबवून फुल करा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा.

पॉवरचं बटण सगळे बसल्यावर, पट्टे लागल्यावर दाबा. थंड इंजिन आपणहून सुरू होतं आणि तापेपर्यंत पेट्रोल खातं. तो वेळ आजोबांची काठी शोधण्यात घालवू नका. उभ्या गाडीत इंजिन गरम करत बसायचीही गरज नाही, हळू चालवत निघा.

आता मुख्य गोष्ट. मारुती ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमधली (नुसत्या बॅटरीवरही धावू शकणाऱ्या प्रकारातली) बॅटरी 0.76 किलोवॉट-अवरची आहे. लाइट बिलाच्या भाषेत पाऊण युनिट, आणि तेही पूर्ण वापरू दिलं जात नाही. बाहेरून चार्जिंग नाही. म्हणजे त्यातली वीज एकतर पेट्रोल जाळून आलेली, नाहीतर वेग कमी करताना चाकांनी मोटर फिरवून परत मिळालेली. खरी बचत त्या दुसऱ्या प्रकारात आहे. म्हणून ईव्हीचं (फक्त बॅटरीवर चालवायचं) बटण दाबून पेट्रोल वाचत नाही. ते पहाटे सोसायटीतून आवाज न करता बाहेर पडायला ठीक.

खेड शिवापूरचा टोलनाका दिसला की लगेच पाय उचला आणि ब्रेक लांबून, हलका दाबत या. मीटरचा काटा ‘चार्ज’च्या पट्ट्यात राहिला की काम झालं. शेवटच्या क्षणी जोरात दाबलात तर वेग डिस्कमध्ये उष्णता होऊन जातो. निघताना मात्र मुंगीच्या पावलाने निघू नका: बॅटरी उतरते आणि मग इंजिनाला ती भरत बसावं लागतं. बेताचा जोर देऊन वेग गाठा, पाय क्षणभर उचला, इंजिन आपोआप बंद झालं की हलक्या पायाने वेग धरून ठेवा. सपाट रस्त्यावर हे छान जमतं. हायवेला ऐंशी-नव्वद पुरे. 80 वरून 100 वर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि त्यावर हायब्रिडकडेही इलाज नाही.

खंबाटकी आणि पुढे पसरणी घाट चढताना ॲव्हरेजचा आकडा पडेल. पडू द्या, पाय स्थिर ठेवा.

परतीची तयारी वरच करायची असते. वाई आणि पाचगणीच्या उंचीत सुमारे 600 मीटरचा फरक आहे. भरलेली सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली उतरली की हिशेबाने अडीच युनिटांच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. टायर आणि वारा आपला वाटा घेतात, तरी उरते ती बॅटरीत मावत नाही. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात बॅटरी भरायची घाई करू नका, घाटाच्या तोंडाशी ती मीटरवर दोन-तीन काड्यांवर असलेली बरी. घाटात ती काही वळणांतच भरते. मग गिअर ‘बी’ला (उतारावर इंजिनाने गाडी आवरायचा गिअर) टाका. इंजिन मोठ्याने घुमू लागलं तर घाबरू नका. त्यावेळी पेट्रोल जात नसतं, इंजिन नुसतं फिरून गाडीला आवरत असतं. न्यूट्रलमध्ये उतरण्याची जुनी सवय मात्र इथे पूर्ण सोडा. ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सिग्नललाही ‘डी’च ठेवा.

वेण्णा लेकजवळच्या वीकेंडच्या रांगेत पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नका. थोडी जागा सोडून सलग सरकत राहिलात की बराच वेळ बॅटरीवर निघतो. एसी विजेवर चालतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो 18 वर ठेवलात तर इंजिन पुन्हापुन्हा सुरू होणार. 24-25 वर ठेवा.

परतल्यावर त्याच पंपावर, पहिल्या ऑटोकटपर्यंत टाकी भरा आणि एकूण किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. कंपनीचा लिटरला 27.97 किलोमीटरचा आकडा चाचणीतला आहे, घाटातला नाही. आणि फक्त जातानाचा किंवा फक्त येतानाचा आकडा ग्रुपवर टाकू नका: एकात नुसता चढ आहे, दुसऱ्यात नुसता उतार.